डेबियनमध्ये पॅकेज द्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अपलोडची प्रक्रिया

डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीवर देवनागरी नीट दिसावी म्हणून 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार असा गठ्ठा, आपण एका कमांडमध्ये टाकतो. ते कुणीतरी बांधून, तपासून, सही करून ठेवलेलं असतं. हे काम तुम्हालाही करता येतं. फी नाही, पदवी लागत नाही, सुरुवातीला डेबियनचं सदस्यत्वही लागत नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स मात्र मुक्तच हवं.

आधी तेच काम दुसऱ्या कुणी हाती घेतलंय का ते बघा. घेतलं नसेल तर 'रिपोर्टबग' हे टूल वापरून डेबियनच्या बग-यादीत आयटीपी, म्हणजे 'मी हे पॅकेज करतोय' अशी नोंद करा. मिळालेला बग नंबर जपून ठेवा, तो पुढे चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहावा लागतो.

कागदपत्रं म्हणाल तर ती सोर्सच्या (मूळ कोडच्या) 'डेबियन' फोल्डरमध्ये असतात: कंट्रोल, चेंजलॉग, रूल्स आणि कॉपीराइट. रूल्स ही मेकफाइल आहे, म्हणजे बिल्डच्या (पॅकेज बांधण्याच्या) सूचनांची फाइल; तिथे टॅबच्या जागी स्पेस पडली की बिल्ड थांबतो. चेंजलॉगमध्ये सहीची ओळ एका स्पेसने सुरू होते आणि तारखेआधी दोन स्पेस लागतात. सगळ्यात जास्त वेळ कॉपीराइटला द्या. कुठली फाइल कुणाची, कुठल्या लायसन्सखाली, हे सगळं त्यात यायला हवं. नवी पॅकेजेस मंजूर करणाऱ्या एफटीपीमास्टर टीममधली माणसं ते स्वतः वाचतात, आणि सोर्स नसलेली एखादी आकसवलेली जावास्क्रिप्ट फाइल राहून गेली तरी पॅकेज परत येऊ शकतं.

मग 'एसबिल्ड'ने स्वच्छ वातावरणात बिल्ड करा, पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या 'लिंटियन'च्या तक्रारी मिटवा, आपल्या जीपीजी कीने (डिजिटल सहीच्या किल्लीने) सही करून मेंटर्स या नवख्यांची पॅकेजेस ठेवायच्या साइटवर टाका आणि स्पॉन्सर मागा. स्पॉन्सर म्हणजे अपलोडचा हक्क असलेला डेबियन डेव्हलपर. त्याने अपलोड केलं की पॅकेज 'न्यू' रांगेत थांबतं. इथे धीर धरा, कधी महिनेही जातात.

मंजुरीनंतर ते अनस्टेबलमध्ये येतं. नवी पॅकेजेस आधी अनस्टेबल या शाखेत येतात, तिथून टेस्टिंगमध्ये जातात, आणि टेस्टिंगमधूनच पुढची स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्ती बनते. बरेच नवखे इथेच अडकतात: न्यू रांगेसाठी बायनरीसकट (बिल्ड झालेल्या फाइलींसकट) अपलोड केलेलं असतं, आणि ते तसंच टेस्टिंगमध्ये जात नाही. फक्त सोर्सचा आणखी एक अपलोड करावा लागतो. मग एएमडी६४, एआरएम६४ वगैरे प्रोसेसरांसाठीचे बिल्ड डेबियनची यंत्रं करतात. 'मीडियम' तातडीचं पॅकेज गंभीर बग नसेल तर साधारण 5 दिवसांत टेस्टिंगमध्ये जातं.

मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की 'यूस्कॅन' हे टूल कळवतं. 2.4.1-1 मधला हायफनआधीचा आकडा मूळ लेखकाचा, नंतरचा आपला. स्टेबलमध्ये सहसा नवी आवृत्ती देत नाहीत, तेवढी दुरुस्ती जुन्या सोर्सवर चढवतात. सध्याच्या डेबियन 13 मध्ये अशा आवृत्तीला '+डेब13यू1' असं शेपूट लागतं.

काही पॅकेजेस नीट सांभाळलीत की डेबियन मेंटेनरसाठी अर्ज करा. तुमच्या कीवर डेबियन डेव्हलपरची सही हवी. ती बहुधा समोरासमोर, पासपोर्टसारखं ओळखपत्र बघून मिळते, म्हणून 2023 मध्ये कोचीत झालेल्या डेबकॉन्फसारखी संमेलनं फार उपयोगी पडतात. सोबत तुमचं काम पाहिलेल्या डेव्हलपरची शिफारस आणि सोशल कॉन्ट्रॅक्ट (डेबियनची मूळ तत्त्वं) मान्य असल्याचं सही केलेलं निवेदन द्यायचं. त्यानंतर ज्या पॅकेजेससाठी परवानगी मिळेल, ती स्पॉन्सरशिवाय थेट अपलोड करता येतात.