फोर्कची हवा आणि फोर्कचा सॅग

पन्हाळ्याला जाताना वाघबीळला चहासाठी थांबलेल्या सायकलवाल्यांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘फोर्कला हवा किती ठेवलीस?’ फोर्क म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे सायकलचे दोन पाय; डोंगरात चालवायच्या सायकलींत ते आतल्या हवेवर दबून हादरे झेलतात. एकजण ८० सांगतो, दुसरा घरी जाऊन तेवढीच भरतो आणि पुढच्या रविवारी मसाई पठारावर त्याची मनगटं भरून येतात. त्यानं खरं तर विचारायला हवं होतं, ‘तू चढल्यावर फोर्क किती बसतो?’

हवेचा दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) असतो आणि पंपाच्या काट्यावर दिसतो. सॅग म्हणजे तुम्ही सायकलवर नुसते उभे राहिलात की तुमच्या वजनानं फोर्क जेवढा आत जातो तेवढं अंतर. ते मिलिमीटरमध्ये मोजून एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्या अंतराच्या, टक्केवारीत सांगतात. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा फोर्क २४ मिलिमीटर बसला, तर सॅग २० टक्के. दाब वाढवला की सॅग कमी होतो, उतरवला की वाढतो. नातं इतकं सरळ आहे म्हणूनच अनेकजण दोन्ही एकच समजतात.

पण ७० किलोच्या दोन माणसांना एकाच दाबावर सारखा सॅग मिळेलच असं नाही. एकाचा हँडल खाली, त्यामुळे वजन पुढे पडतं. दुसरा मागे झुकून चालवतो. फोर्कच्या आतल्या हवेच्या कप्प्याचा आकार कंपनीगणिक वेगळा, सीलचं (बारीक नळी जाड नळीत शिरते तिथल्या रबरी कड्याचं) घर्षण वेगळं. कोल्हापुरी चपलेचा नंबर जुळला तरी ती पायाला बसते का हे घालूनच कळतं, तसंच हे. फोर्कवर छापलेला वजन-दाबाचा तक्ता सुरुवातीला धरायला चांगला. निकाल सॅग देतो.

मुळात फोर्क बसायला हवाच कशाला? कारण चाकाला वर उचललं जाण्याइतकंच खाली जाणंही गरजेचं असतं. पठारावरच्या जांभ्यात खड्डा आला की बसलेला फोर्क उघडतो आणि चाक जमिनीला चिकटून राहतं. सॅगच नसेल तर चाक हवेत राहतं आणि नेमकं ब्रेक दाबायच्या वेळी पकड जाते. क्रॉस-कंट्रीसाठी (वेगानं लांब अंतर, चढही भरपूर) सॅग साधारण १५ ते २० टक्के, ट्रेलसाठी (खडबडीत डोंगरवाटा) २० ते २५. जोतिबाच्या डोंगरउतारासारख्या उतारांवर जास्त चालवणाऱ्यांनी २५च्या आसपास जायला हरकत नाही. त्यापुढे मात्र तीव्र उतारावर फोर्क फार आत जाऊन बसतो आणि तोल पुढे कलतो.

मोजायची रीत अशी. लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) आणि कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग आवरणारी कळ) पूर्ण उघडे ठेवा. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, जे घेऊन जाता ते सगळं अंगावर हवं. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, पेडलवर नेहमीसारखे उभे राहा, पुढचा ब्रेक धरू नका. दोन-चार हलके हेलकावे देऊन स्थिर व्हा, फोर्कच्या बारीक नळीवरची रबरी रिंग खाली सीलपर्यंत सरकवायला सांगा आणि अलगद उतरा. रिंग आणि सील यांच्यातलं अंतर हाच सॅग. घर्षणामुळे एकदा मोजलेलं फसवतं. तीनदा मोजून सरासरी घ्या.

हवा भरायला शॉक पंपच, म्हणजे थोडी थोडी हवा जास्त दाबानं भरणारा छोटा हातपंपच, लागतो. टायरला पुरेसे २५-३० पीएसआय भरणाऱ्या पंपाचं हे काम नाही आणि पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर तर जवळही आणू नका, कारण फोर्कमधली जागा इतकी छोटी असते की क्षणात दाब मर्यादेपलीकडे जातो. पंप काढताना फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा, फोर्कच्या नव्हे. परत पंप लावल्यावर काटा कमी दिसतो, कारण आता थोडी हवा नळीत शिरलेली असते. ‘हवा गळतेय’ म्हणून फोर्क उघडायला नेणारे इथंच फसतात.

एक गोष्ट मात्र बहुतेकजण गाळतात. आजकालच्या बऱ्याच एअर फोर्कमध्ये मुख्य कप्प्याच्या उलट बाजूनं ढकलणारा निगेटिव्ह कप्पा असतो. फोर्क सावकाश आठ-दहा वेळा दाबल्यावरच दोन्हीकडचा दाब सारखा होतो. त्याआधी मोजलेला सॅग खोटा. म्हणून हवा थोडी भरा, फोर्क दाबा, काटा पुन्हा बघा, मग मोजा.

ऋतूचंही भान ठेवा. थंडीत पहाटे १५ अंशांत भरलेले ८० पीएसआय एप्रिलच्या ३८ अंशांत सात-आठ पीएसआयनं वाढतात. कोल्हापुरातून पन्हाळ्यावर चढल्यानं होणारा फरक मात्र पीएसआयभरही नसतो, तो सोडून द्या.

आणि फोर्कच्या डाव्या पायाच्या वरच्या टोकाचं झाकण काढल्यावर व्हॉल्व्हऐवजी फिरवायची खुंटी दिसली, तर तो बहुधा कॉइल स्प्रिंगचा फोर्क. खुंटी फिरवून सॅग थोडाफार बदलतो, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. तुमच्या वजनाला स्प्रिंग फारच मऊ किंवा कडक असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते.