रेषीय आसन्नीकरण (दोन चलांच्या फलनांचे)

दोन चलांवर अवलंबून असलेल्या फलनाची किंमत एका बिंदूपाशी ठाऊक असताना अगदी जवळच्या दुसऱ्या बिंदूपाशी ती किती असेल, याचा अंदाज साध्या बेरीज-गुणाकाराने काढण्याची कलनशास्त्रातील रीत. अशा फलनाचा आलेख हा अवकाशातला एक पृष्ठभाग असतो. त्यावरच्या एका बिंदूपाशी स्पर्श प्रतल (पृष्ठभागाला तिथे नुसते टेकणारी सपाट पातळी) काढायचे आणि त्या बिंदूच्या आसपास पृष्ठभागाऐवजी प्रतलाचीच उंची मोजायची, एवढीच यातली मूळ कल्पना.

फलन फ(क्ष, य) आणि बिंदू (अ, ब) घेतल्यास स्पर्श प्रतलाचे समीकरण असे येते :

ल(क्ष, य) = फ(अ, ब) + प × (क्ष − अ) + म × (य − ब)

यात प आणि म हे (अ, ब) पाशी काढलेले आंशिक अवकलज होत. य स्थिर ठेवून क्ष बदलल्यास फलन ज्या दराने बदलते तो प. क्ष स्थिर ठेवून य बदलल्यास येणारा दर तो म. आंशिक अवकलजाचे ∂ हे चिन्ह फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १७८६ मध्ये वापरले. ते रुळले मात्र जर्मन गणिती याकोबी यांनी १८४१ मध्ये पुन्हा वापरात आणल्यावर.

काटकोन त्रिकोणाच्या ३ आणि ४ सेंमी. बाजूंवरचा कर्ण ५ सेंमी. असतो. बाजू ३.०२ आणि ३.९७ झाल्या तर? कर्णाचे आंशिक अवकलज येथे ३/५ आणि ४/५ आहेत. म्हणून नवा कर्ण सुमारे ५ + ०.६ × ०.०२ − ०.८ × ०.०३ = ४.९८८ सेंमी. खरी किंमत ४.९८८१ च्या किंचित पुढे आहे, म्हणजे चूक चौथ्या दशांश स्थळी दिसते. फलनाचे दुसऱ्या क्रमाचे अवकलज (म्हणजे अवकलजांचे अवकलज) सलग असतील, तर ही चूक साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते : अंतर निम्मे केले की चूक चौथाईवर येते.

आता वर्गमूळ मोबाइलवरही निघते, त्यामुळे पाठ्यपुस्तकांतली असली उदाहरणे थोडी शिळीच वाटतात. या रीतीचा खरा उपयोग कोणत्या मोजमापातली चूक उत्तराला किती महागात पडते हे पाहण्यासाठी होतो. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना ते लांबीच्या सम प्रमाणात आणि दोलनकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. रेषीय आसन्नीकरण केल्यावर लांबीतली टक्केवारीची चूक उत्तरात जशीच्या तशी उतरते, दोलनकालातली मात्र दुप्पट होऊन. १०० सेंमी. लांबीत १ मिमी. चुकले तर फरक ०.१ टक्का, पण २ सेकंदांच्या दोलनकालात ०.०१ सेकंद चुकले तर १ टक्का. प्रयोगशाळेत एकच दोलन न मोजता वीस दोलनांचा वेळ घेऊन त्याला विसाने भागतात ते याचसाठी. स्टॉपवॉच दाबण्यातली चूक त्यामुळे वीस दोलनांवर विभागली जाते.

आंशिक अवकलज मिळाले म्हणजे स्पर्श प्रतल मिळालेच, असे समजणे धोक्याचे आहे. क्ष × य या गुणाकाराच्या केवलमूल्याचे वर्गमूळ हे फलन घ्या. दोन्ही अक्षांवर ते शून्य आहे, म्हणून (०, ०) पाशी दोन्ही आंशिक अवकलज शून्य येतात आणि सूत्र सगळीकडे शून्य सांगते. प्रत्यक्षात (०.०१, ०.०१) पाशी किंमत ०.०१ आहे, कितीही जवळ गेले तरी अंतराच्या तुलनेत चूक घटत नाही. अवकलज फक्त दोन दिशांची खबर देतात, तिरक्या वाटेची नाही. म्हणून आसन्नीकरणातली चूक भागिले अंतर हे गुणोत्तर शून्याकडे गेले तरच फलनाला त्या बिंदूपाशी अवकलनीय म्हणतात. ही व्याख्या श्टोल्ट्स (१८९३) आणि फ्रेशे (१९११) या गणितज्ञांच्या लेखनातून पक्की झाली. व्यवहारात सोपी कसोटी पुरते : बिंदूच्या आसपास आंशिक अवकलज अस्तित्वात असतील आणि त्या बिंदूपाशी सलग असतील, तर फलन तिथे अवकलनीय असते.

चलांची संख्या वाढली तरी सूत्राचा साचा तोच राहतो, प्रत्येक चलामागे एक पद वाढते. जीपीएस किंवा भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या प्रणालीचे ग्राहक यंत्र आपले स्थान शोधताना तीन निर्देशक आणि घड्याळातली चूक अशी चार चले धरते. उपग्रहांपर्यंतच्या अंतरांची सूत्रे वर्गमुळांची असल्याने ते यंत्र एका अंदाजी स्थानापाशी ती रेषीय करून घेते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवर असतात, त्यामुळे अंदाज १ किमी. चुकला तरी रेषीय सूत्राने अंतरात येणारी चूक फार तर अडीच सेंटिमीटर. अंदाज त्याहून बराच चुकलेला असेल, तर मिळालेले स्थान हाच नवा अंदाज मानून तेच गणित पुन्हा करतात; काही फेऱ्यांत उत्तर स्थिरावते.