गॅलेक्टोमॅनन रक्तचाचणी

ॲस्परजिलस बुरशी वाढताना तिच्या पेशीभित्तिकेतून गॅलेक्टोमॅनन ही बहुशर्करा सुटते. ती रक्तात शोधणारी ही चाचणी. केमोथेरपी किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घनमिलिमीटरला ५०० च्या खाली गेले की ही बुरशी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत शिरू शकते. तेव्हा प्लेटलेटही उतरलेल्या असतात, त्यामुळे रक्तस्रावाच्या भीतीने तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढणे धोक्याचे. ब्लड कल्चर (रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) तर ॲस्परजिलससाठी जवळजवळ नेहमी कोरेच येते.

एलायझाच्या (प्रतिपिंडांनी पदार्थ पकडून रंगावरून मोजण्याच्या) नेहमीच्या पद्धतीत ३०० मायक्रोलिटर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) १०० मायक्रोलिटर ईडीटीए या रसायनाचे द्रावण घालून ते तापवतात आणि सेंट्रिफ्यूज करतात. उष्णतेने प्रथिने साकळून तळाशी बसतात, प्रतिपिंडांत अडकलेले गॅलेक्टोमॅनन मोकळे होते आणि वरचा निवळ भाग प्लेटवर जातो. नळी उघडी राहिली तर हवेतले बीजाणूही निकाल बिघडवतात.

रुग्णाच्या नमुन्याचा रंग सीमा-नमुन्याच्या (पॉझिटिव्हची सीमा ठरवणाऱ्या तयार नमुन्याच्या) सरासरी रंगाशी ताडून इंडेक्स काढतात. ०.५ पासून पुढे पॉझिटिव्ह धरतात. संशोधनासाठीच्या बुरशी-आजारांच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत मात्र एकाच सीरम नमुन्यावर भिस्त असेल तर १.० लागतो. ०.६ सारखा एकटा आकडा आला तर नवे रक्त घेऊन चाचणी पुन्हा करावी आणि छातीचा सीटी स्कॅन पाहावा: गाठीभोवती धूसर वलय दिसले तर संशय बळावतो.

फसगत दोन्ही बाजूंनी होते. ग्लुकोनेट असलेले सलाइन, केमोथेरपीने सोललेले आतडे किंवा हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीचा संसर्ग यांमुळे खोटा पॉझिटिव्ह येतो. उलट, पोसाकोनॅझोल हे बुरशीरोधक औषध प्रतिबंधासाठी आधीच चालू असेल तर बुरशी असूनही इंडेक्स खाली राहू शकतो. म्हणून अशा रुग्णांत लक्षणे नसताना दर आठवड्याला तपासत राहण्यात अर्थ नाही. न्यूट्रोफिल पुरेसे असलेल्या, स्टिरॉइडवरच्या किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांतही रक्त बरेचदा निगेटिव्ह येते. तिथे ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुऊन काढलेला द्रव जास्त भरवशाचा.

जोडीला बीटा-डी-ग्लुकॅन (अनेक बुरशांच्या पेशीभित्तिकेतली आणखी एक बहुशर्करा) शोधणारी चाचणी करतात. ती अनेक बुरशा पकडते, पण नेमकी कोणती ते सांगत नाही. न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियात ती सहसा बरीच चढते. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, डायलिसिसचा सेल्युलोज पडदा, शस्त्रक्रियेतला गॉज यांनीही ती चढते.

२०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणून घरोघर माहीत झालेला म्युकरमायकोसिस या दोन्ही चाचण्यांना दिसत नाही. त्यामुळे दोन्ही निगेटिव्ह असूनही सीटीवर उलटे वलय (मध्ये धूसर, कडेला दाट) दिसले, तर ॲस्परजिलसवरच्या व्होरिकोनॅझोल या औषधावर थांबू नये. म्युकरवर ते चालत नाही. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीरोधक औषध सुरू करून ऊतीचा नमुना मिळवण्याच्या मागे लागावे.