झेडएफएस पूलला एसएसडी जोडताना: एल2आर्क की स्पेशल व्हीडेव्ह?

फिरत्या डिस्कच्या पूलला (अनेक डिस्क मिळून झालेल्या एका साठ्याला) वेग यावा म्हणून एसएसडी जोडायची, तर झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये दोन वाटा आहेत आणि कमांडमध्ये फरक एका शब्दाचा. ‘झेडपूल अ‍ॅड’मध्ये ‘कॅश’ लिहिलं की एल2आर्क, म्हणजे वाचनाचा दुय्यम कॅश, ‘स्पेशल’ लिहिलं की स्पेशल व्हीडेव्ह, म्हणजे पूलचाच एक खास घटक. एसएसडी मेली की मात्र दोहोंचे परिणाम अगदी वेगळे होतात.

एल2आर्कमध्ये असते नक्कल. आर्क या रॅममधल्या कॅशमधून बाहेर पडायच्या बेतात असलेले ब्लॉक तिथे लिहिले जातात, मूळ डेटा डिस्कवरच राहतो. एसएसडी जळाली तर वाचन पुन्हा डिस्कवरून होतं, एवढंच. म्हणून मिररची (तोच डेटा एकाहून अधिक डिस्कवर ठेवण्याची) गरज नाही आणि ‘झेडपूल रिमूव्ह’ने ती केव्हाही काढता येते.

स्पेशलमध्ये मेटाडेटाची, म्हणजे कोणती फाइल कुठे-कशी ठेवली आहे या नोंदींची, मूळ प्रतच बसते. झेडएफएस मेटाडेटाच्या जादा प्रती ठेवतं हे खरं, पण त्याही स्पेशलवरच जातात. एकच एसएसडी लावली आणि ती गेली, तर मागचं रेड-झेड2 (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी रचना) शाबूत असूनही अख्खा पूल गेला. रेड-झेड2 असेल तर स्पेशलला तीन एसएसडींचा मिरर हवा. हा हिशेब जुळला नाही तर झेडएफएस जोडायला नकार देतं. तिथे सवयीने ‘-एफ’ (जबरदस्तीने जोड) ठोकणं ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक, कारण पूलमध्ये रेड-झेड असेल तर स्पेशल परत काढता येत नाही. आधी ‘-एन’ देऊन नुसता आराखडा पाहावा. मिररच्या पूलमधून स्पेशल काढता येतो, पण सगळीकडे सेक्टरचा आकार ठरवणारा अ‍ॅशिफ्ट सारखा असेल तरच. म्हणून जोडताना तो स्पष्ट लिहावा, बहुधा 12.

एल2आर्क फुकट नाही. त्यातल्या प्रत्येक ब्लॉकची नोंद रॅममध्ये राहते, सुमारे शंभर बाइटची. 128 केबीच्या ब्लॉकनी 1 टीबी भरली तर नोंदी होतात 80 लाखांच्या घरात, म्हणजे 800 एमबी रॅम. 8 केबीचे ब्लॉक असले की तेच 13 जीबीवर जातं. 16 जीबी रॅमच्या यंत्राला मोठा एल2आर्क लावणं म्हणजे आर्कचीच जागा खाणं. आधी रॅम वाढवा. शिवाय सलग वाचनात आगाऊ उचललेले ब्लॉक मूळ सेटिंगमध्ये यात सहसा घेतले जात नाहीत, त्यामुळे मोठे व्हिडिओ वाचायला त्याचा उपयोग कमीच.

स्पेशलमध्ये मेटाडेटासोबत लहान ब्लॉकही पाठवता येतात. त्यासाठी डेटासेटवर (पूलमधल्या स्वतंत्र फाइल सिस्टीमवर) ‘स्पेशल स्मॉल ब्लॉक्स’ ही मर्यादा ठरवायची: तेवढे किंवा त्याहून लहान ब्लॉक एसएसडीवर. मूळ किंमत 0, म्हणजे फक्त मेटाडेटा. रेकॉर्डसाइज (ब्लॉकचा कमाल आकार) 128 केबी असताना मर्यादाही 128 केबी ठेवली, तर त्या डेटासेटचा सगळाच नवा डेटा एसएसडीवर जातो. 16 किंवा 32 केबीपासून सुरुवात करा. स्पेशलमध्ये 25 टक्क्यांहून कमी जागा उरली की लहान ब्लॉक साध्या डिस्कवर जाऊ लागतात, उरलेली जागा मेटाडेटासाठी राखीव.

आता स्थलांतर, म्हणजे आधीचा डेटा एसएसडीवर नेणं. वापर पाहून डेटा वरखाली हलवणारं टियरिंग झेडएफएसमध्ये नाही. एल2आर्क वाचनागणिक हळूहळू भरतो, ओपनझेडएफएस 2.0पासून रीबूटनंतरही टिकतो. स्पेशल मात्र जोडल्यानंतर लिहिलेलंच घेतो. जुना मेटाडेटा होता तिथेच, तो हलवायला डेटा पुन्हा लिहावा लागतो. ‘एमव्ही’ने त्याच डेटासेटमध्ये फाइल हलवली तर नुसतं नाव बदलतं. ‘सीपी’ही फसवी: ब्लॉक क्लोनिंग चालू असेल तर ती जुन्याच ब्लॉककडे बोट दाखवते, तेव्हा ‘रीफ्लिंक’ ‘नेव्हर’ ठेवा. आणि जुने स्नॅपशॉट (डेटासेटच्या त्या-त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) असतील तोवर जुने ब्लॉक सुटत नाहीत.

भरवशाचा मार्ग सेंड-रिसीव्हचा, म्हणजे डेटासेट पाठवून नव्याने लिहून घेण्याचा. पालक डेटासेटवर मर्यादा आधी ठरवा. स्नॅपशॉट घ्या, त्याच पूलमध्ये नव्या नावाने रिसीव्ह करा, ‘-यू’ देऊन, म्हणजे तो माउंट होणार नाही. मग सेवा थांबवा, दुसरा स्नॅपशॉट घेऊन ‘-आय’ने फक्त फरक पाठवा आणि दोन्ही नावांची अदलाबदल करा. तेवढ्या काळासाठी दुप्पट जागा लागते. जुना डेटासेट उडवण्याआधी ‘झेडपूल लिस्ट -व्ही’मध्ये स्पेशलचा भरणा वाढलाय का ते पाहा, अगदीच थोडा वाढला असेल तर फक्त मेटाडेटा गेला आणि मर्यादा बहुधा वारशाने आली नाही.

फक्त फोल्डर उघडायला वेळ लागतो एवढीच तक्रार असेल आणि एसएसडी एकच असेल, तर एल2आर्क लावून ‘सेकंडरी कॅश’ला (एल2आर्कमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगला) ‘मेटाडेटा’ द्या. स्पेशलइतका वेग नाही मिळणार, पण पूल धोक्यात येत नाही.