२१ दिवसांत सवय लागते?

"कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागलीच समजा." नव्या वर्षाच्या तोंडावर हा मेसेज हमखास येतो.

आकडा आला कुठून? १९६० साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात. सांगता सांगता 'किमान' गळालं, चेहराही गळाला. उरले २१ दिवस.

लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी निघाली ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही. (बाविसाव्या दिवशी रियाज सोडून पेटी (हार्मोनियम) कपाटावर चढवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मीही त्यातलाच.)

पडताळायचं असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. रियाज आपसूक झाला तर त्या चौकोनात टिंब, मनाला ढकलावं लागलं तर फुली. फुल्या विरळ व्हायला लागल्या की तुमचा स्वतःचा आकडा दिसू लागतो.