बंद झडपेखालची चोरटी हवा

मुंबई-आग्रा महामार्गावर साठच्या वेगाने सुरळीत धावणारी जुनी पद्मिनी मोटार द्वारका चौकात थांबावे लागताच थरथरू लागते आणि रेस देत राहिले नाही तर बंद पडते, ही तक्रार नाशिकमध्ये जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांना नवी नाही. अशा वेळी पहिला हात कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) मिक्श्चर स्क्रूकडे, म्हणजे थांबलेल्या गाडीतले मिश्रण जुळवणाऱ्या स्क्रूकडे, जातो. माझ्या मते तिथेच घोळ वाढतो, कारण 'वेगात ठीक, थांबली की बिघाड' हे लक्षण बहुधा दुसरीकडे बोट दाखवत असते.

गाडी वेगात असताना कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोराने जाते, तिथला दाब उतरतो आणि मुख्य जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून, पेट्रोल ओढले जाते. स्लो स्पीडला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, मात्र थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) झडप जवळजवळ मिटलेली असते आणि गळ्यातला प्रवाह इतका मंद असतो की मुख्य जेट काम करीत नाही. त्या वेळी पेट्रोल येते ते झडपेखालच्या बारीक छिद्रातून, आणि ते ओढणारी शक्ती म्हणजे पिस्टनांनी मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंतच्या वाटेत) निर्माण केलेली निर्वात. हीच निर्वात एखाद्या तडकलेल्या नळीतून किंवा कुजलेल्या पॅकिंगमधूनही हवा खेचते. गॅरेजच्या भाषेत गाडी 'हवा घेते'. ही हवा झडपेला वळसा घालून आत येते, तिच्यासोबत पेट्रोल नसते आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन मिसिंग सुरू होते, म्हणजे इंजिन ठोके चुकवू लागते.

ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. निरोगी इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला दाब स्लो स्पीडला बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे गळतीच्या छिद्रातून हवा थेट ध्वनीच्या वेगाने आत घुसते. छिद्र 2 मिलिमीटरचे असेल, तर 1089 सीसीच्या इंजिनाला मिनिटाला 800 फेऱ्यांवर लागणाऱ्या हवेचा सुमारे पाचवा हिस्सा त्यातूनच येऊ शकतो. फेऱ्या 3000 वर गेल्या आणि झडप उघडली की तोच वाटा दोन-तीन टक्क्यांवर उतरतो, आणि चालकाला वाटते की गाडी आपोआप सुधारली!

नाशिकची उंचीही इथे लक्षात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्याने इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. समुद्रसपाटीला, स्लो स्पीडवर, मॅनिफोल्डमधली निर्वात मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा 430 ते 530 मिलिमीटर पारा दाखवतो. तेच निर्दोष इंजिन इथे सुमारे 50 मिलिमीटरने कमी दाखवेल, आणि पुस्तकातल्या आकड्यावर विसंबणारा नसलेली गळती शोधत बसेल. शिवाय मुंबईत जुळवलेली गाडी कसारा घाट चढून आली की हवा विरळ झाल्यामुळे मिश्रण किंचित घट्ट (पेट्रोल जास्त) होते. गळतीचा परिणाम नेमका याच्या उलट असतो. दोहोंतला फरक चोक सांगतो, कारण तो ओढला की हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होते. गरम इंजिनाचा चोक थोडा ओढल्यावर ते सावरले तर मिश्रण पातळ आहे, आणखी गुदमरले तर घट्ट आहे.

मिश्रण पातळ ठरल्यावर, पॉइंटचा गॅप, टायमिंग (ठिणगीची फट व वेळ) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ठीक असल्याची खात्री करून मगच गळती शोधावी. मॅनिफोल्डला जोडलेल्या नळ्या, ब्रेकला बूस्टर (निर्वातीच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) असल्यास त्याचीही, एकेक करून चिमटीत दाबाव्यात. जिच्यामुळे इंजिनाचा आवाज बदलतो ती संशयित. नंतर कार्बोरेटरच्या तळाच्या आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर थोडे पाणी फवारावे, कारण पाण्याने फट क्षणभर बुजली तरी फेऱ्या बदलतात. अनेक जण इथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो आगीशी खेळ आहे. सर्वांत फसवी जागा म्हणजे थ्रॉटलचा दांडा, ज्यावर झडप फिरते. वर्षानुवर्षांच्या झिजेने तो भोकात सैल होतो आणि नवे पॅकिंग कितीही घातले तरी हवा येतच राहते. दांड्याच्या टोकाशी इंजिन ऑइलचा थेंब सोडल्यावर चाल थोडा वेळ सुधारली, तर बुश (दांड्याभोवतीची नवी नळकांडी) बसवून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

कुठेच गळती सापडली नाही, तर स्लो जेट, म्हणजे स्लो स्पीडचे पेट्रोल मोजणारा छोटा जेट, काढून पाहावा. त्याचे भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि टाकीतल्या गंजाचा एक कण ते बुजवायला पुरतो. जेट तारेने टोकरू नये, नाहीतर भोकाचे माप बदलते; कण हवेने फुंकून काढावा. मिक्श्चर स्क्रूची पाळी येते ती यानंतर, आणि तीही इंजिन पूर्ण तापल्यावर.