शेजारचा आवाज, घरातला वाटा : एकाच भांडणाचे दोन निवाडे का होतात?

शेजाऱ्यांच्या भांडणाचा विषय निघाला की अभ्यासक हमखास १८७९ मधला इंग्लंडचा ‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ हा खटला काढतात. ब्रिजमन मिठाई बनवत. त्यांच्या स्वयंपाकघरातले खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते आणि तक्रार कुणाचीच नव्हती. मग शेजारच्या डॉक्टर स्टर्जेस यांनी बागेच्या टोकाला, नेमकी त्या भिंतीलगत, तपासणीची खोली बांधली. दणक्यांमुळे रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकू येईनात. मिठाईवाल्याने जुन्या वहिवाटीचा हक्क सांगितला, पण निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. खोली होईपर्यंत दावा लावण्यासारखा उपद्रवच नव्हता, त्यामुळे वहिवाटीची वर्षे मोजायला सुरुवातच झाली नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे.

हा निकाल आजही कुणाला चोख वाटतो, कुणाला उघड अन्याय. ‘आधी कोण होते?’ हा ज्याचा पहिला प्रश्न, तो मिठाईवाल्याकडे झुकतो; ‘त्रास कोण देतो?’ विचारणारा डॉक्टरांकडे. १९६० मध्ये अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी दोघांनाही अडचणीत टाकले. आवाज बंद केला तर नुकसान मिठाईवाल्याचे, चालू ठेवला तर डॉक्टरांचे. मग कमी नुकसान कशात, एवढेच पाहा, असा त्यांचा रोख होता. हीसुद्धा एक जीवनदृष्टीच, आणि ‘चूक कुणाची’ विचारणाऱ्याला ती थंड वाटते.

मानसशास्त्राने सुरुवातीला या मतभेदांची शिडी केली. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधापासून मांडलेल्या नैतिक विचाराच्या पायऱ्या पुढे सहा झाल्या. वरच्या पायरीवर वैश्विक तत्त्वे, मध्यावर नाती आणि समाजाचे नियम. म्हणजे ‘मोठ्या भावाला न विचारता घर विकले कसे?’ हा आक्षेप आपोआप खालच्या पायरीवर. १९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी जपणुकीची नीती, म्हणजे नाती आणि माणसे सांभाळण्याला पहिला मान देणारा विचार, ही वेगळी पण तितकीच प्रौढ दृष्टी असल्याचे मांडले. (ती प्रामुख्याने स्त्रियांची, हा भाग मात्र पुढच्या पडताळण्यांत फारसा टिकला नाही.) १९८७ मध्ये रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वर व शिकागोतल्या लोकांपुढे वागणुकीचे तेच ३९ प्रसंग ठेवले. शिकागोत जी निव्वळ रीत मानली जात होती, त्यातले बरेच काही भुवनेश्वरमध्ये नीतीचा प्रश्न होते. यातूनच पुढे स्वायत्तता, समुदाय आणि पावित्र्य अशा तीन नीतींची मांडणी झाली.

घरच्या भांडणांसाठी सगळ्यात कामाची चौकट मात्र मानववंशशास्त्रज्ञ ॲलन फिस्के यांची, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची. नात्यातली देवाणघेवाण चार नियमांनी चालते, असे ते सांगतात. तीन भावंडे आणि आजारी आई एवढाच प्रश्न घ्या. पहिला नियम सामाईकपणाचा : ज्याला जमेल त्याने करावे, मोजदाद नको. दुसरा अधिकाराचा : थोरला ठरवेल, पण जबाबदारीही त्याचीच. तिसरा बरोबरीचा : प्रत्येकाकडे चार-चार महिने. चौथा प्रमाणाचा : उत्पन्न ३:२:१ असेल, तर खर्चाचे बारा भाग करून सहा, चार, दोन.

चारही नियम आपापल्या जागी न्याय्य आहेत. भांडण पेटते ते एकाने चौथा धरला आणि दुसऱ्याने पहिला, तेव्हा. भाऊ सहा भाग पैसे पाठवून मोकळा होतो. आईपाशी रात्री जागणाऱ्या बहिणीला ते पैसे मजुरीसारखे टोचतात. वर तिचे जागरण कुठल्याच हिशेबात धरलेले नसते. इथे रक्कम वाढवून काही साधत नाही, उलट अपमान वाढतो. सगळ्याला एकच नियम लावण्याऐवजी बाबी सुट्या कराव्या लागतात : औषधांचा खर्च प्रमाणात, रात्रीच्या पाळ्या बरोबरीने, उपचाराचा अंतिम निर्णय एकाकडे, आणि भेटायला येण्याजाण्याचा हिशेब कुणीच ठेवायचा नाही. आधी वाटणी आणि मग नियम, हा उलटा क्रम बहुतेक बैठकी मोडतो.

बाहेरून मत देणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. फेल्स्टिनर, एबल आणि सारट या कायदा व समाजाच्या अभ्यासकांनी १९८०-८१ मध्ये तंट्याचे तीन टप्पे दाखवले : त्रास होतोय हे ओळखणे, दोष कुणाला तरी देणे, भरपाई मागणे. सल्ला विचारला जातो तो बहुधा दुसरा टप्पा उलटल्यावर. तोवर गोष्टीतला दोषी ठरलेला असतो आणि ऐकणारा फक्त शिक्षा सुचवतो.

शिवाय सांगणारा प्रसंग एकच सांगतो, मागचा हिशेब सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) कायद्याचे अभ्यासक रॉबर्ट एलिक्सन यांनी गुरे शेजाऱ्याच्या रानात शिरण्याचे तंटे अभ्यासले. निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. कायदा काय आहे, याची तिथल्या बहुतेकांना नीट कल्पना नव्हती आणि तंटा सहसा त्याच्या आधारे मिटतही नसे. शेजारी मनातल्या मनात दीर्घ हिशेब ठेवत : कुंपणाला लावलेला हात, सांभाळलेली गुरे, मागे सोडून दिलेले नुकसान. हा हिशेब फारच एकतर्फी झाला की आधी बोलणे, मग गावभर चर्चा, क्वचित गुरे हुसकावणे. भरपाईचा दावा अगदी शेवटी, आणि वकील तर विरळाच.